पहिला कस्टम लेझर: घेण्याआधी, उघडताना आणि वापरताना

रस्त्यावर शे-दोनशे रुपयांना मिळणारा लेझर पॉइंटर आणि एखाद्या छंदिष्ट कारागिराने आपल्या टेबलावर बांधलेला, हातात मावणारा 'कस्टम' लेझर, या दोन्हींत साम्य एकच: बटण दाबलं की उजेड येतो. दुसऱ्यात डायोड (विजेपासून प्रकाश काढणारा छोटा भाग) कुठला, त्याला करंट किती द्यायचा, पुढे लेन्स कुठली, उष्णता कुठून बाहेर काढायची, हे सगळं एका माणसाने ठरवलेलं असतं. काम बहुतेक वेळा सुबक असतं. पण त्यावर कारखान्याच्या तपासनिसाचा शिक्का नसतो. तपासनिसाचं काम विकत घेणाऱ्यालाच करावं लागतं, आणि नवखे लोक नेमकं तेच सोडून 'किती वॅटचा घेऊ?' इथून सुरुवात करतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. थिओडोर मैमनने १६ मे १९६० रोजी पहिला लेझर चालवला तो माणकाच्या कांडीचा. त्यानंतरची कित्येक वर्षं सामान्य माणसाला वॅटभर निळा लेझर हवा असता तर आर्गॉन वायूच्या नळीचं अवजड यंत्र आणि त्याला थंड ठेवायची व्यवस्था घरात आणावी लागली असती. चित्र बदललं ते घरगुती इलेक्ट्रॉनिक्समुळे. डीव्हीडी रायटरमधून लाल डायोड मिळू लागले, ब्लू-रे रायटरमधून ४०५ नॅनोमीटरचे जांभळे (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप, त्यावरून रंग कळतो). २०१० मध्ये कॅसिओचे नवे प्रोजेक्टर बाजारात आले. त्यांत दिव्याऐवजी ४४५ नॅनोमीटरचे निळे डायोड होते, एकेका यंत्रात २४. लोकांनी नवेकोरे प्रोजेक्टर फोडले, डायोड काढले आणि टॉर्चच्या नळ्यांत बसवले. आज हातातल्या लेझरमध्ये दिसणारे बरेचसे डायोड निचिया, ओसराम, मित्सुबिशी या कंपन्यांचे असतात. मुळात प्रोजेक्टर आणि इतर यंत्रांसाठी बनवलेले.

वर्ग समजून घ्या, मग आकडा

लेझरचे वर्ग ठरवणारं आंतरराष्ट्रीय मानक आहे. दिसणाऱ्या प्रकाशापुरतं बोलायचं तर १ मिलीवॅटच्या आतला लेझर वर्ग २ मध्ये येतो. चुकून डोळ्यात गेला तरी पापणी पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्यात सहसा इजा होत नाही. ५ मिलीवॅटपर्यंत ३आर, ५०० मिलीवॅटपर्यंत ३बी, आणि त्यापुढे सगळं वर्ग ४. ३बी पासून पापणीवर भिस्त ठेवता येत नाही. वर्ग ४ मध्ये तर खडबडीत भिंतीवरचा ठिपका जवळून उघड्या डोळ्यांनी पाहणंही धोक्याचं असतं. शिवाय कागद, कापड, कातडी भाजते ती वेगळीच.

डोळ्याचं गणित एकदा मनात पक्कं बसू द्या. बुबुळावर पडलेला समांतर किरण डोळ्यातली भिंगं दृष्टिपटलावर एका सूक्ष्म बिंदूत गोळा करतात. तिथे त्याची तीव्रता लाखपटीच्या घरात वाढते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे 'दुखलं नाही, म्हणजे काही झालं नसेल' असं म्हणायला जागा नाही. महाराष्ट्रात याची चर्चा व्हायला गणपतीच्या मिरवणुका निमित्त ठरल्या. २०२३च्या गणेशोत्सवानंतर नाशिक-पुण्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे मिरवणुकीतल्या लेझरने दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण आले होते. त्यातले लेझर सतत हलते, फिरते होते. तुमच्या हातातला लेझर एका जागी स्थिर राहू शकतो, हे ध्यानात ठेवा.

रंग निवडा, वॅट आपोआप खाली येतील

माणसाच्या डोळ्याला सगळे रंग सारखे उजळ दिसत नाहीत. उजेडात डोळा सर्वांत जास्त संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला. त्याला १०० धरलं, तर ५२० नॅनोमीटरचा हिरवा साधारण ७१, ६३८चा लाल २०च्या आसपास, ६५०चा लाल ११, ४४५चा निळा जेमतेम ३, आणि ४०५चा जांभळा १च्याही कितीतरी खाली.

आता हिशेब करा. ५० मिलीवॅटचा ५२०चा हिरवा डोळ्याला जवळजवळ १२०० मिलीवॅटच्या निळ्याइतका उजळ दिसतो. अंधारात लांब, सरळ, सुरेख रेघ पाहणं एवढाच हेतू असेल, आणि बहुतेकांचा तोच असतो, तर निळ्या वॅटांच्या मागे धावून धोका चोवीस पट वाढवायचा आणि हाती उजेड तेवढाच. 'सात वॅटचा निळा' हे शब्द मित्रमंडळींत भाव खाऊन जातात, हे कबूल. पण तो पहिला लेझर असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला लेझर ५२०चा हिरवा, फार तर ५० ते १०० मिलीवॅटचा घ्या. हाही ३बी आहे. चष्मा त्यालाही लागतोच.

हिरव्यात दोन जाती आहेत. ५३२ नॅनोमीटरचे जुन्या धर्तीचे लेझर ८०८च्या अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या) डायोडने एक स्फटिक चेतवतात, त्यातून १०६४चा अवरक्त किरण निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२चा हिरवा करतो. रंग डोळ्यांत भरणारा असतो, पण थंडीत किंवा उन्हाळ्यात तो मंदावतो. शिवाय स्वस्त मालात अवरक्त अडवणारी गाळणी बसवायची टाळाटाळ होते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन-मानक संस्थेने १२२ पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत. हा निष्कर्ष २०१३चा. दिसणारा हिरवा थोडा आणि न दिसणारा अवरक्त भरपूर, असा पॉइंटर म्हणजे सापळाच. ५२०चा डायोड थेट हिरवा प्रकाश देतो, मध्ये स्फटिक नाही आणि अवरक्ताची भानगडही नाही. नवख्यासाठी तोच बरा.

४०५च्या जांभळ्याबद्दल सावध राहा. तो मिणमिणता दिसतो, त्यामुळे ताकद लक्षात येत नाही. पांढऱ्या कागदावर तो चमकतो ती त्या कागदाची स्वतःची चमक असते.

पहिली खरेदी चष्म्याची

लेझरच्या आधी चष्मा मागवा. तो हातात पडेपर्यंत लेझरची ऑर्डरच देऊ नका, म्हणजे 'जरासं बघू' हा मोह आपोआप टळेल.

चष्म्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात, किंवा असायला हव्यात: कुठल्या तरंगलांबीसाठी आणि ओडी किती. ओडी म्हणजे तो प्रकाश किती पट अडवतो याचं माप. ओडी ३ हजारातला एक भाग आत सोडतो, ओडी ४ दहा हजारातला एक. समजा लेझर २ वॅटचा, म्हणजे २००० मिलीवॅटचा आहे. ओडी ३चा चष्मा २ मिलीवॅट आत सोडेल, म्हणजे पापणीच्या भरवशाची १ मिलीवॅटची मर्यादा ओलांडली. ओडी ४चा ०.२ मिलीवॅट सोडेल. म्हणून वॅटाच्या पुढच्या निळ्या-हिरव्यासाठी ओडी ४ ही किमान गरज धरा. १९० ते ५४० नॅनोमीटर अशी पट्टी असलेले नारिंगी-लालसर चष्मे जांभळा, निळा आणि हिरवा तिन्ही अडवतात. लाल लेझरला ते शून्य उपयोगाचे. त्यासाठी निळसर काचेचा वेगळा चष्मा लागतो.

लेझरसोबत फुकट आलेला, काहीही न छापलेला हिरवा प्लॅस्टिकचा चष्मा फेकून द्या. युरोपचं ईएन २०७ किंवा अमेरिकेचं एएनएसआय झेड१३६ या मानकांना धरून बनवलेला, बाजूंनीही झाकणारा घ्या. नंबरचा चष्मा वापरत असाल तर त्यावरून बसणारा. आणि एक नाही, दोन घ्या. कारण लेझर घरी आला की बघायला कोणीतरी येतंच. पाहुणा बिनचष्म्याचा असेल तर लेझर ड्रॉवरमध्ये राहू द्या. मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.

चष्मा घातला म्हणून थेट झोतात बघायचं नसतं. तो अपघातासाठी असतो.

बांधणाऱ्याला काय विचारायचं

चांगला कारागीर प्रश्नांनी वैतागत नाही, उलट खुलतो. टाळाटाळ करत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. हे प्रश्न मी तरी विचारल्याशिवाय पैसे पाठवणार नाही.

डायोडचा नेमका मॉडेल नंबर काय आणि त्याला किती करंट दिलाय? डायोड त्याच्या मर्यादेपलीकडे पिळून काढला की आकडा मोठा येतो आणि आयुष्य घटतं. अति झालं की डायोडचा काचेसारखा पृष्ठभाग क्षणात जळतो. मग तो नुसता मंद उजेड देत राहतो. या छंदातले लोक म्हणतात, 'एलईडी झाला.'

ड्रायव्हर, म्हणजे डायोडला वीज पुरवणारं सर्किट, कुठला? लेझर डायोडला ठरावीक करंट लागतो, ठरावीक व्होल्टेज नाही. निळ्या डायोडला ४ व्होल्टच्या वर लागतं आणि एका लिथियम सेलमधून ४.२ पासून खाली येत जाणारं व्होल्टेज मिळतं. म्हणजे एका सेलवर चालणाऱ्या निळ्या लेझरमध्ये व्होल्टेज वाढवणारा ड्रायव्हर असायलाच हवा. कारागिराने तो कोणता लावलाय आणि किती करंटवर बसवलाय, हे त्याला तोंडपाठ असलं पाहिजे.

पॉवर मोजली का, कशाने आणि किती वेळ? याच लेझरचा मीटरवरचा फोटो मागा, शक्य तर मिनिट-दोन मिनिटांचा आलेखसुद्धा. पहिल्या सेकंदाला दोन वॅट आणि मिनिटाने दीड वॅट, अशी घसरण दिसली तर उष्णता नीट बाहेर जात नाही असं समजा. मोजताना कुठली लेन्स होती हेही विचारा. एका काचेची 'जी२' लेन्स जास्त पॉवर बाहेर सोडते, पण ठिपक्याभोवती पसारा असतो. तीन काचांची लेन्स झोत जास्त सुबक देते आणि त्या बदल्यात जवळपास पाचवा हिस्सा खाते. मला तीन काचांची आवडते. आकडा कमी दिसतो, रेघ मात्र देखणी.

हीटसिंक कशाचा आहे आणि किती वेळ सलग चालवायचा? २ वॅटचा निळा लेझर साधारण ८-९ वॅट वीज खातो, म्हणजे सहा-सात वॅट उष्णता अंगठ्याएवढ्या धातूच्या तुकड्यातून बाहेर जायला हवी. तांब्याचा हीटसिंक आणि नळीला घट्ट चिकटलेला असेल तर उत्तम. 'मिनिटभर चालू, मिनिटभर बंद' असं काहीतरी ठोस उत्तर यायला हवं. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हवेचंच तापमान ४५ अंश असतं, तिथे हीच वेळ अर्ध्यावर आणा.

सेल कुठल्या बाजूने घालायचा? हा प्रश्न पोरकट वाटेल, पण टॉर्चमध्ये सेलचं धन टोक पुढे असतं आणि काही लेझरमध्ये ते मागे, झाकणाच्या बाजूला ठेवावं लागतं. उलटा घातला की ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा. उत्तर लेखी घ्या, आणि पहिल्या दिवशीच नळीच्या आत बारीक चिकटपट्टीवर बाण काढून चिकटवा.

शेवटचा प्रश्न सुरक्षेचा: बटण चुकून दाबलं गेलं तर लेझर सुरू होऊ नये म्हणून काय सोय आहे? मोठ्या वर्गातल्या कारखानी लेझरला किल्ली, सुरू झाल्याचा दिवा, झोत अडवणारी झडप असते. हाताने बांधलेल्यात यातलं काहीच नसू शकतं. निदान मागचं झाकण अर्धा फेरा सैल केलं की वीज तुटेल, एवढी तरी खात्री करून घ्या.

सेल आणि चार्जर

विमानाच्या टपालाने लिथियम सेल पाठवायला अडचणी येतात, म्हणून बरेच कारागीर सेलशिवाय लेझर पाठवतात. मग माणूस बाजारात जातो आणि ९८०० एमएएच छापलेला, स्वस्त १८६५० सेल घेऊन येतो. १८६५० आकाराच्या सेलमध्ये आज साधारण ३५०० एमएएचच्या आसपास बसतात. त्याच्या दुपटी-तिपटीचा आकडा छापलेला सेल खोटा. सॅमसंग, पॅनासॉनिक, एलजी, मुराता अशांचे खरे सेल ओळखीच्या दुकानातून घ्या. क्षमतेबरोबर करंट देण्याची ताकदही पाहा. दोन वॅटचा निळा लेझर सेलमधून तीन अँपियरच्या आसपास ओढतो आणि सेल उतरत जाईल तसा आणखी ओढतो. सलग पाच अँपियर तरी देऊ शकणारा सेल असू द्या.

चार्जर ४.२ व्होल्टला थांबणारा, लिथियमसाठीचाच हवा. चार्जिंगला लावून झोपायचं नाही. सेलवरचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलं असेल तर नवं आवरण चढवल्याशिवाय तो वापरू नका, कारण धन टोकाच्या अगदी कडेपर्यंत ऋण बाजूचा पत्रा आलेला असतो. खिशात किल्ल्या आणि नाण्यांसोबत सुटा सेल ठेवणं हा आगीला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. दहा-वीस रुपयांची प्लॅस्टिकची डबी मिळते. विमान प्रवासात सुटे सेल हातातल्या बॅगेतच ठेवायचे असतात. लेझर मात्र घरीच ठेवलेला बरा, सुरक्षा तपासणीत वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

पार्सल आल्यावर

घाई करू नका. लेझर बाहेर काढा, सेल टेबलावरच राहू द्या. कानाजवळ हलवून पाहा: आत काही खुळखुळत असेल तर मॉड्यूल (डायोड आणि लेन्स बसवलेला भाग) सैल आहे किंवा एखादा टाका सुटलाय. मागचं झाकण उघडा-लावा. आटे चावत असतील, दातांत कचकच लागत असेल, तर कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिलिकॉन ग्रीसचा अगदी हलका हात फिरवा. आतली स्प्रिंग बोटाने दाबून पाहा. ती तिरकी बसली असेल तर सेल हलल्यावर वीज मधूनच जाते-येते, आणि डायोडला ते सोसत नाही.

मग पुढची बाजू. लेन्स बघायची ती सेल बाहेर असतानाच, आणि सेल नजरेसमोर टेबलावर दिसत असतानाच. हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: सेल दिसत नसेल तर पुढच्या तोंडात डोकवायचं नाही, लेझर बंद आहे असं कोणीही सांगितलं तरी. टॉर्चच्या उजेडात काच तिरकी धरून धुळीचा कण, बोटाचा ठसा, ग्रीसचा थेंब आहे का पाहा. असेल तर लेन्स साफ करायचा रबरी फुगा दाबून हवा मारा; तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. त्याने निघालं नाही तर लेन्सचा कागद आणि एक थेंब अल्कोहोल, एकाच दिशेने, दाब न देता. निळ्या आणि जांभळ्या लेझरमध्ये काचेवरचा कण तापून तिथेच चिकटतो आणि कायमचा काळा डाग पडतो, म्हणून हे काम चालू करण्याआधीचं.

पहिल्यांदा चालू करताना

जागा तयार करायला अर्धा तास द्या. झोत कशावर संपणार हे आधी ठरवा. प्लॅस्टर न केलेली लाल वीट किंवा सिमेंटचा ठोकळा छान. खडबडीत, न चमकणारा, न जळणारा. काळा पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक ठेवलं तर धूर निघेल. विटेच्या मागे भिंत असू द्या आणि लेझर कमरेच्या उंचीवर धरा, उभ्या किंवा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत नको.

आता खोलीतल्या चकचकीत गोष्टी मोजा. आपल्या घरांत त्यांची कमी नसते: स्टीलची मांडणी आणि डबे, पॉलिश केलेल्या फरशा, टीव्ही, मोबाइल, देवघरातली समई, कपाटाचा आरसा, फोटोची काच. खिडकीची साधी काचसुद्धा दोन्ही पृष्ठभाग मिळून जवळपास ८ टक्के प्रकाश परत फेकते, म्हणजे एक वॅटच्या लेझरचे ८० मिलीवॅट. स्वयंपाकघरात लेझर पेटवू नका, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. अंगठी आणि घड्याळही काढून ठेवा.

दिवे पूर्ण बंद करू नका. अंधारात बाहुली मोठी होते आणि चुकून आलेला प्रकाश जास्त आत जातो. शिवाय काय कुठे आहे ते दिसत नाही. चष्मा घाला, सेल घाला, झाकण लावा, लेझर विटेकडे धरा, मग बटण. पहिल्यांदा दोन-तीन सेकंद, बस. ठिपका चष्म्यातून मंद दिसेल, तसाच दिसायला हवा.

त्या ठिपक्याकडे जरा निरखून बघा. जास्त ताकदीच्या डायोडचा ठिपका गोल नसतो, आयताकृती असतो, कधी दोन्ही बाजूंना पंख पसरलेले. यात बिघाड काही नाही. असे डायोड एका दिशेला रुंद पट्टीतून प्रकाश सोडतात, म्हणून लांब गेल्यावर झोत रेघेसारखा पसरतो. तो आटोक्यात आणायला दंडगोलाकार भिंगांची किंवा प्रिझमची जोडी लावतात. पुढच्या लेझरला तिचा विचार करा, आता नाही.

फोकसची रिंग फिरवली की ठिपका लहान-मोठा होतो. लांबवर समांतर जाणारी जागा सापडली की तिथेच थांबा. जवळ फोकस करून आगकाडी पेटवायची, फुगे फोडायचे, हे सगळ्यांनाच करून बघावंसं वाटतं. त्याचा धूर लेन्सवर बसतो, पंधरा मिनिटांच्या करमणुकीत काच खराब होते. आणि फोकस कुठेही असला तरी डोळ्याचा धोका संपला असं समजू नका.

घराबाहेर

किरणाचा पसारा मिलिरेडियनमध्ये मोजतात. एक मिलिरेडियन पसरणारा झोत एका किलोमीटरवर एक मीटर रुंद होतो. अशा एक वॅटच्या लेझरपासून सुमारे २२० मीटरपर्यंत उघड्या डोळ्याला इजेचा धोका राहतो. ५ मिलीवॅटच्या लेझरसाठी हेच अंतर १६ मीटर आहे. इजेच्या पलीकडे डोळे दिपवणं कित्येक किलोमीटरपर्यंत चालू राहतं. तीन किलोमीटरवरच्या विमानाच्या काचेवर तो झोत तीन मीटर रुंद होऊन पडतो आणि ऐन उतरताना वैमानिकाची अख्खी काच हिरवी होते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडे एकट्या २०२३ साली विमानांवर लेझर रोखल्याच्या १३,३०४ तक्रारी नोंदल्या गेल्या. तिथे आणि ब्रिटनमध्ये यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मुंबईत विमानतळाच्या परिसरात लेझर झोतांवर पोलिसांचे मनाई आदेश निघतात, पुण्यात उत्सवांच्या काळातही निघाले आहेत. आपल्या गावातला आदेश स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्या. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी इथून लेझर मागवायच्या भानगडीत पडू नये. हातातला १ मिलीवॅटच्या वरचा लेझर तिथे परवानगीशिवाय आयात करता येत नाही.

आकाशदर्शनाचा मोह इथेच होतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचे हौशी लोक वांगणीला जातात, आणि हिरव्या पॉइंटरने नक्षत्र दाखवणं तिथे नेहमीचं झालंय. त्यासाठी ५ मिलीवॅटचा हिरवा पुरतो. कस्टम लेझर घेऊन शिबिरात जाऊ नका. कोणी दुर्बिणीला डोळा लावून बसलेला असतो, कोणाचा कॅमेरा लांब एक्स्पोजरवर उघडा असतो, आणि लेझर थेट पडला तर कॅमेऱ्याचा सेन्सरही जळतो.

नुसती रेघ बघायची असेल तर धुकं तुमच्या मदतीला येतं. झोत दिसतो तो हवेतल्या धुळीवरून आणि पाण्याच्या कणांवरून विखुरल्यामुळे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर किंवा थंडीतल्या पहाटे ५० मिलीवॅटचा हिरवा भरगच्च दिसतो. समोर डोंगराचा निर्मनुष्य कडा हवा, मोकळं आकाश नको. रस्ता, वस्ती, वाट, गुराखी, काही आहे का ते उजेड असतानाच पाहून ठेवा.

निगा

काम संपलं की सेल काढा. लेझर आणि सेल वेगवेगळ्या ड्रॉवरमध्ये, आणि घरात मुलं असतील तर सेलचा ड्रॉवर कुलुपाचा. बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल पूर्ण भरून ठेवू नका, ३.७-३.८ व्होल्टवर ठेवा. कोकणातल्या दमट हवेत लेझरसोबत सिलिका जेलची पुडी टाका. आट्यांवर आणि स्प्रिंगवर हिरवट थर चढला की वीज अडते आणि लोक डायोडला दोष देत बसतात. ड्रायव्हरवर करंट कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू असेल तर त्याला हात लावू नका. डायोडला स्थिर विजेचा झटकाही पुरतो, त्यामुळे उघडून दुरुस्ती करायची ती ज्याने बांधलाय त्याने.

डोळ्यात गेलाच तर

डोळ्यापुढे ठिपका राहिला, वाचताना मधलं अक्षर गायब वाटलं, दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर डोळे चोळू नका आणि 'सकाळपर्यंत बघू' म्हणू नका. दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे जा. ते ओसीटी नावाची तपासणी करतील. जाताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्या: तरंगलांबी, पॉवर, अंदाजे अंतर, आणि थेट गेला की कशावरून उलटून. ही चिठ्ठी लेझर घेतल्याच दिवशी अर्धी भरून डबीत ठेवली तर घाईत शोधाशोध करावी लागत नाही.

सेल फुगला, गरम होऊ लागला किंवा भरलेला राहीनासा झाला की दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना तो फुटतो.